इकॉलॉजी करू की मामा म्हणतात ते?

प्रश्न : ताई, मी निफाड तालुक्यातली, यंदा बारावी सायन्स झाले. नांदूर मध्यमेश्वर घरापासून सायकलवर जाता येईल एवढ्यावर, लहानपणापासून थंडीत तिथे पक्षी बघायला जाते. एका कॉलेजात 'इकॉलॉजी अँड एन्व्हायर्नमेंटल मॅनेजमेंट' असा डिग्री कोर्स दिसला, फी भरपूर आहे. पप्पांची द्राक्षबाग आहे, ते म्हणतात झाडं लावायला डिग्री कशाला. मामा म्हणतात साधी बीएस्सी कर नि गप बस. काय करू?

उत्तर : मामांचं ऐक, फक्त गप बसू नकोस.

कोर्सच्या नावात दोन वेगळी कामं एकत्र बांधलीयत, ती आधी सोडवून बघू. तुझंच नांदूर मध्यमेश्वर घे ना. गोदावरी नि कादवा मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बंधारा घातला, मागे वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ पाणी झालं, बेटं झाली, गवत आलं आणि मग पक्षी आले, आणि 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, थोडक्यात पाणी साठवायला बांधलेली जागा गाळानं भरली म्हणून जगात नावाजली! आता थापट्या बदकं उथळातच का चरतात, गाळात काय जगतं, यंदा चक्रवाक कमी का दिसले, हे मोजत बसणं म्हणजे इकॉलॉजी. आणि गाळ काढला तर शेतकऱ्याला पाणी जास्त मिळेल पण पक्ष्यांचं काय, नाशिकचं सांडपाणी वरून येतंय नि पानवेली (जलपर्णी) माजतेय त्याचं काय, कुठला कायदा लागतो, कोणाला नोटीस जाते, हे सगळं मॅनेजमेंट. पहिल्यात चिखल नि स्टॅटिस्टिक्स, दुसऱ्यात फायली नि मीटिंगा. (स्टॅटिस्टिक्सला हसू नको, एमएस्सीला मी त्यातच गटांगळ्या खाल्ल्यात.)

नोकऱ्या म्हणशील तर दुसऱ्या बाजूला जास्त आहेत, हे खरंय. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये ईटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्लांट, बघायला, प्रदूषण मंडळाचे रिपोर्ट भरायला, 2006 च्या ईआयए नोटिफिकेशनखाली मोठ्या प्रोजेक्टचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचे अभ्यास करायला माणसं लागतात. पण तिथे पहिल्या दिवशी विचारतात ते बीओडी कसा काढतात, म्हणजे पाण्याची बाटली 27 डिग्रीला 3 दिवस ठेवून ऑक्सिजन किती संपला ते, आणि ही शेवटी केमिस्ट्रीच झाली.

म्हणून माझं मत, बीएस्सी साधीच कर, झूऑलॉजी किंवा बॉटनी घे, केमिस्ट्री काही झालं तरी सोडू नको, एन्व्हायर्नमेंट एमएस्सीला घे. पुणे विद्यापीठात एन्व्हायर्नमेंटल सायन्सचं डिपार्टमेंट आहे, पक्ष्यांचंच वेड टिकलं तर डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटमध्ये वाइल्डलाइफ सायन्सची एमएस्सी आहे. अजून एक गोष्ट पोरं नेहमी उशिरा वाचतात, यूपीएससीच्या भारतीय वनसेवेला ग्रॅज्युएशनला झूऑलॉजी, बॉटनी, केमिस्ट्री, जिऑलॉजी, फिजिक्स, मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स अशांपैकी एखादा विषय लागतो, नाहीतर मग ॲग्री, फॉरेस्ट्री, इंजिनिअरिंगची डिग्री. त्या यादीत 'एन्व्हायर्नमेंट' नाहीये! भारी नावाच्या कोर्सला लाखभर भरून फॉर्मच भरता आला नाही तर? त्या कॉलेजला अजून विचारायचंच असेल तर एकच विचार, लॅब कुठे आहे नि फील्डवर्क किती दिवस. ब्रोशर दाखवायला लागले तर पाणी पिऊन घरी ये.

तोवर एक वही कर. दर रविवारी त्याच जागी, त्याच वेळी, कोणते पक्षी किती, पाणी कुठपर्यंत, पानवेली किती, तारखेसकट. तीन वर्षांची अशी वही एमएस्सीच्या इंटरव्ह्यूला नेलीस तर तुला काय येतं हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आणि पप्पांना एवढंच विचार, युरोपला द्राक्षं पाठवायची तर फवारलेल्या औषधांच्या रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या अंशाचा, लॅब रिपोर्ट लागतो ना, तो काढणारा माणूस काय शिकून तिथे बसलाय?