पिनबॉल: आधी एक चांगला स्क्रीन, कॅबिनेट दोन वर्षांनी

प्रश्न: मी ३९ वर्षांचा. पत्नी आणि चौथीतल्या मुलीसोबत ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, घर ६४० चौरस फूट कारपेटचं. मला हाती १,१५,००० रुपये मिळतात, पत्नीला ५२,०००. गृहकर्जाचा हप्ता ५४,००० (अजून ५५ लाख आणि १५ वर्षं बाकी), घरखर्च ६०,०००, एसआयपी २०,०००, मुलीच्या शाळेसाठी दरमहा बाजूला १२,०००. एफडी आणि लिक्विड फंड मिळून २,१०,०००. आयुर्विमा फक्त ऑफिसचा. विंडोज एक्सपीमधल्या पिनबॉलपासून मला या खेळाचं वेड आहे आणि गेले आठ महिने २४ इंची मॉनिटरवर जवळपास रोज रात्री व्हर्च्युअल पिनबॉल खेळतो. आता तीन स्क्रीनचं, खऱ्या पिनबॉल मशीनसारखं पूर्ण कॅबिनेट करून घ्यायचं मनात आहे. कोटेशन १,८५,००० चं आलंय. बोनस हाती २,००,००० येईल. पत्नीचं म्हणणं, एक मोठा मॉनिटर घे आणि पुरे कर. सामान नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊन बोनस तसाच ठेवला तर?

उत्तर: कॅबिनेट जरूर करा, पण या बोनसमधून नको, आणि हप्त्यांवर तर नकोच. आत्ता एक ३२ इंची मॉनिटर घ्या. पत्नीचं म्हणणं पहिल्या टप्प्यापुरतं बरोबर आहे, तुमचं दुसऱ्या टप्प्यासाठी. कारणं सविस्तर सांगतो, कारण इथे स्क्रीनची निवड आणि पैशाची निवड एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. छंदाचे पैसे बारा टक्क्यांनी वीस वर्षं वाढवून दाखवायचे आणि माणसाला अपराधी वाटायला लावायचं, ही पद्धत मला मान्य नाही. तुम्ही एसआयपी न थांबवता, कर्ज न थकवता जगताय. आठ महिने रोज खेळताय, म्हणजे ही चार दिवसांची हौस नाही. प्रश्न खर्च करावा की नाही हा नाहीच. कोणता रुपया आधी जावा आणि कोणता चुकला तर परत मिळेल, एवढंच बघायचं आहे.

तुमच्या कोटेशनची फोड अशी आहे: प्लेफील्डसाठी (बॉल फिरतो तो आडवा भाग) ४३ इंची फोरके टीव्ही ३२,०००, बॅकग्लाससाठी (समोरचा उभा चित्रफलक) ३२ इंची स्क्रीन १४,०००, डीएमडीसाठी (स्कोअरची पट्टी) १५.६ इंची पोर्टेबल मॉनिटर ९,०००, नवं ग्राफिक्स कार्ड ४५,०००, प्लायवूड, सुतारकाम, पाय आणि काच ३८,०००, बटणं, प्लंजर (बॉल सोडायचा दांडा), कंट्रोल बोर्ड, सोलेनॉइड (ठोका देणारं विद्युतचुंबक), स्पीकर मिळून ३२,००० आणि किरकोळ १५,०००. स्क्रीनचे जेमतेम ५५,००० दिसतात. पण उरलेले १,३०,००० कशामुळे उभे राहिले ते पाहा. प्लेफील्ड ४३ इंची ठरला म्हणून लाकडाचं माप तेवढं झालं. तो फोरके ठरला म्हणून ग्राफिक्स कार्ड आलं. १९२० बाय १०८० च्या चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, फोरकेमध्ये ८२.९ लाख, म्हणजे बरोबर चौपट. तुमचं सहा जीबीचं जीटीएक्स १६६० कार्ड पहिल्या चित्राला व्यवस्थित पुरतं, दुसऱ्याला धापा टाकतं. मधला पर्याय २५६० बाय १४४० चा, त्यात ३६.९ लाख पिक्सेल. बहुतेक टेबलांना, म्हणजे पिनबॉलच्या वेगवेगळ्या खेळांना, तुमचं कार्ड तिथे चालून जाईल, एखाद्या जड टेबलाला सेटिंग थोडं खाली आणावं लागेल. एका स्क्रीनचा निर्णय बदलला की ४५,००० ची ओळ आजच्यापुरती तरी गळून पडते.

आता खेळाच्या बाजूनं बघू, कारण स्वस्तात घेतलं आणि खेळायला मजा नाही आली तर तेही पैसे पाण्यातच.

पिनबॉलमध्ये सगळ्यात महत्त्वाचा आहे इनपुट लॅग: बटण दाबल्यापासून फ्लिपर (बॉलला वर टोलवणारी पट्टी) हललेला दिसेपर्यंतचा वेळ. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी काही फ्रेम स्वतःजवळ धरून ठेवतो आणि मग दाखवतो. सिनेमा बघताना हे कळत नाही. बॉल सेकंदाला २ मीटर वेगानं खाली येत असेल, तर ५० मिलिसेकंदांत तो १० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. खऱ्या मशीनचा फ्लिपर साधारण ३ इंचांचा, म्हणजे साडेसात सेंटीमीटर. तुम्हाला बॉल फ्लिपरच्या वर दिसतो तेव्हा हिशेबानं तो कधीच खाली गेलेला असतो. गेम मोड सुरू केल्यावर बऱ्याच टीव्हींचा लॅग खूप कमी होतो, पण हा आकडा खोक्यावर क्वचितच छापतात. शिवाय स्वस्त टीव्हीच्या जाहिरातीतला १२० चा आकडा पुष्कळदा पॅनेलचा नसतो, पॅनेल ६० हर्ट्झचंच (सेकंदाला ६० चित्रं) असतं. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, १४४ वर ६.९ ची. गेमिंग मॉनिटरमध्ये हा फायदा किमतीतच धरलेला असतो, वेगळा शोधावा लागत नाही. ३२,००० च्या टीव्हीपेक्षा २४,००० चा मॉनिटर खेळायला सरस ठरू शकतो तो यामुळे.

आकारातही टीव्हीची बाजू आहे, ती नाकारत नाही. नव्वदच्या दशकातल्या नेहमीच्या मशीनचं प्लेफील्ड सव्वावीस बाय ४२ इंचांचं, म्हणजे अंदाजे ५१ बाय १०७ सेंटीमीटर. ४३ इंची पॅनेल उभं धरलं की ५३ बाय ९४ येतं. रुंदी जवळजवळ तंतोतंत जुळते, म्हणून कॅबिनेट करणारे बरेच जण ४३ कडे जातात. ३२ इंची उभं धरलं तर ४० बाय ७१. म्हणजे लांबीत खऱ्याच्या सुमारे दोन तृतीयांश, आणि तुमच्या आत्ताच्या सेटअपच्या कितीतरी पुढे. आत्ता तुम्ही २४ इंची मॉनिटर आडवाच ठेवून खेळता, त्यात टेबल मधल्या पट्टीत आकसलेलं असतं. नुसता स्क्रीन उभा केल्यानंच चित्र बदलेल.

तिसऱ्या स्क्रीनबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: त्यावर आज एक रुपयाही घालू नका. डीएमडी म्हणजे स्कोअर दाखवणारी ती ठिपक्यांची पट्टी. नव्वदच्या दशकातल्या बहुसंख्य मशीनमध्ये ती १२८ बाय ३२ ठिपक्यांची होती, एकूण ४,०९६ ठिपके. एवढ्यासाठी ९,००० चा मॉनिटर? बॅकग्लासच्या स्क्रीनवर खालच्या बाजूला ती पट्टी सहज बसते. आणि बॅकग्लाससाठी तुमच्याकडे २४ इंची मॉनिटर आहेच.

म्हणून आत्ताची खरेदी अशी. ३२ इंची, २५६० बाय १४४०, १४४ हर्ट्झ किंवा जास्त, सुमारे २४,०००. पॅनेल आयपीएस प्रकारचंच घ्या. दुसऱ्या, व्हीए प्रकारच्या पॅनेलचा काळा रंग छान असतो, पण पिनबॉलचा स्क्रीन आपण खालच्या टोकाकडून तिरपा बघतो आणि त्या कोनातून व्हीएचे रंग फिके पडतात. ओएलईडीच्या मोहात पडू नका, तासन् तास एकाच जागी स्थिर राहणारं चित्र त्याला मानवत नाही. सोबत येणारं स्टँड बहुधा उभं फिरत नाही, तेव्हा मागे वेसाची (आर्म बसवायची ठरावीक मापाची) भोकं आहेत ना आणि आर्म मॉनिटरचं वजन पेलतो ना हे बघून ३,००० चा आर्म घ्या. दोन्ही बाजूंना बटणं असलेला आणि धक्का ओळखणारा कंट्रोल बॉक्स सुमारे ५,०००. झाले ३२,०००. लॅमिंग्टन रोडला किंवा वाशीला रघुलीला मॉलमध्ये चक्कर मारा, ऑनलाइन भाव हातात ठेवा आणि दुकानात तुमचा लॅपटॉप लावून बघू देतात का ते विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्ही-मॉनिटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. तुमच्या पुढच्या टप्प्यातल्या ४३ इंचीला त्याचा फायदा आहे, ३२ इंचांपर्यंत दर आधीपासूनच १८ होता. त्यामुळे 'जीएसटी कमी झाला म्हणून' असं सांगून कोणी ३२ इंची मॉनिटर खपवायला लागला तर भुलू नका.

३२ च का, २७ का नाही? २७ इंची घेतलात तर दहाएक हजार वाचतील, पण कॅबिनेट होईल तेव्हा तो मॉनिटर बाजूला पडेल. ३२ इंची मॉनिटर मात्र पुढे बॅकग्लासच्या जागी जाईल, सुताराला वरच्या डब्याची रुंदी त्याच्या मापानं करायला सांगायची. म्हणजे कोटेशनमधले १४,००० तुम्ही आजच भरताय, आणि दोन वर्षं त्यावर खेळूनही घेताय. छंद ओसरलाच तर तो पत्नीला वर्क फ्रॉम होमसाठी किंवा मुलीला अभ्यासासाठी लागेल, विकला तर गिऱ्हाईकही मिळेल. कॅबिनेटचं तसं नाही. ते पाहिजे असलेला माणूस शोधायला लागतो. शिवाय कॅबिनेटमध्ये बसवण्यासाठी टीव्हीची बाहेरची चौकट काढली की वॉरंटी गेली. सुतार आणि काच यांचे ३८,००० तर परत येत नाहीतच. मग मन बदललं तर?

नो-कॉस्ट ईएमआयचं गणित छोटं आहे. कोटेशनमधलं टीव्ही, स्क्रीन आणि कार्ड मिळून १,००,००० चं सामान हप्त्यांवर बसेल. बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट आधी देतो. १६ टक्के दर आणि १२ महिने धरले तर व्याजाचा भाग ८,१०० च्या पुढे जातो. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे दीड हजाराच्या आसपास, तुमच्याच खिशातून जातो, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. रोखीनं मिळू शकणारी सूटही हातची जाते. ही रक्कम मोठी नाही. मला खटकतं ते दुसरंच: सगळे खर्च जाऊन तुमच्याकडे महिन्याला २१,००० उरतात, त्यातले ८,३०० वर्षभर अडकून पडतील.

आणि हे २१,००० आत्ता मोकळे असणं फार गरजेचं आहे. हप्ता, घरखर्च आणि शाळा मिळून तुमचा न टळणारा खर्च १,२६,००० आहे. २,१०,००० म्हणजे पावणेदोन महिनेही नाहीत. ५५ लाखांचं कर्ज डोक्यावर असताना विमा फक्त ऑफिसचा, आणि नोकरी सुटली की तोही सुटतो. मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त काळजी वाटली ती या ओळीची. दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन तुमच्या वयाच्या, तंबाखू न घेणाऱ्या माणसाला वर्षाला अंदाजे २५ ते ३० हजारांत बसावा. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही त्याच २२ सप्टेंबरपासून शून्य झालाय. दोन-तीन कंपन्यांचे दर स्वतः काढून बघा, प्रकृतीची माहिती लपवू नका आणि हे काम मॉनिटरच्या आधी करा. पत्नीच्या पगारावरही घर उभं आहे, तिच्यासाठीही वेगळी पॉलिसी बघा. तिच्या पॉलिसीचा हप्ता पुढच्या महिन्याच्या शिल्लकीतून द्या.

मग बोनस असा: २७,००० तुमच्या टर्म प्लॅनला, १,३०,००० आकस्मिक निधीला, ४३,००० पिनबॉलला. त्यातले ३२,००० आत्ता खर्च होतील, ११,००० वेगळ्या आरडीत कॅबिनेटच्या नावानं राहतील. पुढच्या महिन्यांत शिल्लकीतले ६,००० त्या आरडीत, १५,००० आकस्मिक निधीत. २० महिन्यांनी कॅबिनेटचे १,३१,००० झालेले असतील आणि आकस्मिक निधी ६,४०,००० च्या आसपास, म्हणजे पाच महिन्यांचा. पत्नीच्या पॉलिसीमुळे एखादा महिना मागेपुढे होईल, तेवढं चालेल.

तेव्हा कोटेशन काय राहील? ४३ इंची टीव्ही ३२,०००, लाकूडकाम ३८,०००, कंट्रोल बॉक्स आधीच घेतल्यामुळे बटणं वगैरे २७,००० आणि किरकोळ १५,०००, एकूण १,१२,०००. उरलेले १९,००० आणि जुनं कार्ड विकून येईल ते धरून नवं कार्ड घ्यायचं की कमी रिझोल्यूशनवर खेळायचं, हे तेव्हा ठरवा. कार्डांचे भाव दोन वर्षांत काय होतील यावर आज पैज लावण्यात अर्थ नाही.

सॉफ्टवेअरचा खर्च तुम्हाला माहीत आहेच. व्हिज्युअल पिनबॉल हे सॉफ्टवेअर मोफत आहे. विकतची टेबलं घेताना एवढं लक्षात ठेवा की परवाने बदलतात: ३० जून २०१८ नंतर द पिनबॉल आर्केड या गेममधून विल्यम्स आणि बॅली या जुन्या मशीन कंपन्यांची टेबलं विक्रीतून गेली, आधी घेतलेल्यांकडे ती राहिली. एकदम गठ्ठा घेण्यापेक्षा खेळाल तेवढी घ्या. व्हीआर हेडसेटचा विचार कराल तर आभास उत्तम मिळतो, पण शेजारी बसलेल्या मुलीला खेळात भाग घेता येत नाही. तुमच्या पत्रावरून तुम्हाला ते नको असेल असं वाटतं.

वीजबिल फारसं वाढणार नाही. कॉम्प्युटर आणि दोन स्क्रीन मिळून ४०० वॅट धरले, रोज दोन तास धरले, तर महिन्याला २४ युनिट. फक्त बिल ३०० युनिटांच्या काठावर असेल तर वरचे युनिट महावितरणच्या पुढच्या, महागड्या स्लॅबमध्ये मोजले जातील.

जागेचा निर्णय मात्र घरातल्या तिघांनी मिळून घ्या. नेहमीच्या कॅबिनेटचा तळ २२ बाय साडेएकावन्न इंचांचा असतो, वरच्या डब्यासकट उंची सव्वासहा फुटांच्या घरात, आणि पुढे उभं राहायला तीनेक फूट लागतात. बेडरूममध्ये जमिनीवर तेवढ्या मापाचा मास्किंग टेप चिकटवा आणि महिनाभर कपाटाचं दार, इस्त्रीचं टेबल, पाहुण्यांची गादी यांचं काय होतं ते बघा. सोलेनॉइडचा ठोका खालच्या मजल्यावर ऐकू जातो. तुम्ही रात्री जेवणानंतर खेळता, तेव्हा पायांखाली जाड रबर लागेल किंवा रात्री सोलेनॉइड बंद करायचा स्विच. तो स्विच कोटेशनमध्ये नाही, लिहून घ्या. प्लायवूड ओल सहन करणाऱ्या प्रतीचं मागा, ठाण्याच्या पावसाळ्यात साधं प्लाय फुगतं.

कारागिराला टोकन दिलं नसेल तर आत्ता देऊ नका. दिलं असेल तर ते लाकूडकामाच्या रकमेत धरून काम २० महिन्यांनी करण्याबद्दल त्याच्याशी बोला आणि ठरेल ते तारखेसह लिहून घ्या. सामान मात्र तुम्ही स्वतःच्या नावाच्या बिलावर घ्या, त्याच्यामार्फत नको. एखादी वस्तू बिघडली तर वॉरंटीसाठी बिल तुमच्या हातात हवं.