सोशल मीडियावर बातम्या बघायच्यात, सुरुवात कुठनं करू?

प्रश्न : रिटायर झालोय. पेपर रोज येतो, पण पावसाळ्यात रात्रीत पंचगंगेचं पाणी किती चढलं ते सकाळच्या पेपरात कळून उपयोग नसतो. पोरानं नवा मोबाईल दिलाय, फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब सगळं घालून दिलंय, पण उघडलं की नुसता गोंधळ. मिसेस म्हणतात त्यात काही खरं नसतं, बघूच नका. रोजच्या बातम्यांसाठी हे वापरायचं तर कसं? (एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : काका, काकूंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मोबाईलवर जे आपोआप समोर येतं ते बातमी म्हणून धरू नका, आणि जे तुम्ही स्वतः जाऊन बघता ते बिनधास्त बघा. फेसबुक उघडल्यावर जे दिसतं ते महत्त्वाचं म्हणून दिसत नसतं, त्यावर लोक जास्त थांबतात, भांडतात, शेअर करतात म्हणून ते वर येतं, त्यामुळे तीन दिवसांपूर्वीची पोस्ट पण आत्ताची वाटते.

म्हणून सुरुवातीला एकच करा. व्हॉट्सॲपमध्ये खाली 'अपडेट्स' म्हणून आहे, तिथं चॅनेल शोधता येतात. पुढारी, सकाळ, लोकमत, तुमच्या घरी जो पेपर येतो त्याचंच चॅनेल फॉलो करा, म्हणजे माणसं ओळखीची राहतात. चॅनेल फॉलो केलं म्हणून तुमचा नंबर दुसऱ्या फॉलोअरला दिसत नाही, ती काळजी नको. मग यूट्यूबवर एखादं न्यूज चॅनेल सबस्क्राईब करा आणि बघताना पहिलं पान सोडून थेट 'सबस्क्रिप्शन्स'वर जा, तिथं तुम्ही निवडलेलंच दिसतं. एक्सवर (म्हणजे आधीचं ट्विटर) गेलात तर 'फॉर यू' सोडा, 'फॉलोइंग' बघा. बस, सुरुवातीला एवढं पुरे.

आता पुराचं, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त घबराट त्यातच होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी हा आकडा पाठ ठेवा, 39 फूट इशारा, 43 फूट धोका. जिल्हा माहिती कार्यालय आणि जिल्हा प्रशासनाची पेजेस फॉलो करा, पावसाळ्यात पातळीचे आकडे तिथं येत राहतात, आणि आकड्यासोबत वेळ लिहिलीय का ते आधी बघायचं, बिनवेळेचा आकडा काही कामाचा नाही.

समजा ग्रुपवर व्हिडिओ आला, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, ट्रकच्या रांगा, आणि खाली लिहिलंय 'आत्ताचा, सगळ्यांना पाठवा'. तुम्ही पातळी बघितली तर 31 फूट. मग तो आत्ताचा असूच शकत नाही, कारण ऑगस्ट 2019 ला हायवे बुडाला तेव्हा पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. एका आकड्यानं निकाल लागतो. राधानगरी धरणाचं पण तसंच, 'धरण सोडलं' असा मेसेज येतो आणि नदीकाठची माणसं रात्री सामान बांधायला लागतात. तिथले 7 दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की बंद होतात, एका दरवाजातनं 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 1428 घनफूट पाणी येतं. म्हणजे विचारायचं एवढंच की किती दरवाजे उघडलेत आणि किती वाजता. हे सांगणारी पोस्ट कामाची, नुसती 'सावधान' म्हणणारी नाही.

मेसेजवर दोन बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं दिसलं तर तो पाच किंवा जास्त हातातनं फिरून तुमच्यापर्यंत आलाय, असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढं पाठवता येतो ती सोय मुद्दाम केलेली आहे. फेसबुक, एक्सवर नावापुढं असते त्या निळ्या टिकवर पण विसंबू नका, ती आता महिन्याचे पैसे भरून मिळते. फेसबुकवर एखाद्या पेजची शंका आली तर त्याच्या माहितीत ते कधी काढलं आणि आधी नाव काय होतं ते दिसतं, कालपर्यंत वेगळ्याच नावानं चालणारं पेज आज 'न्यूज' झालं असेल तर लगेच अनफॉलो करा.

आणि एक मनापासून सांगतो, धर्म, जात, महापुरुष यावरचं काही आलं की हात आवरा. जून 2023 मध्ये स्टेटसवरनं आपल्या गावात दगडफेक, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं, हातावरचं पोट असलेल्यांचे धंदे बुडाले. असलं काही खरं असलं तरी ते आपण पसरवायचं नसतं.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, इन्स्टाच्या रील्समधनंच सगळं कळतं. पेपर वाचायची खरंच गरज आहे का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : काय झालं ते रीलमधनं कळतं, आणि लवकर कळतं, त्यात वाईट काहीच नाही. पण मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच घे, म्हणजे हायकोर्टाचे न्यायाधीश इथं येऊन केसेस ऐकतात ते. ऑगस्ट 2025 मध्ये ते इथं सुरू झालं तेव्हा सगळीकडं फटाके, पेढे, वकिलांचा जल्लोष दिसला आणि तो हक्काचाच होता, किती वर्षांचा लढा होता तो. पण कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांच्या केसेस इथं येणार, म्हणजे सावंतवाडीच्या माणसाची मुंबईची खेप वाचणार, हे तीस सेकंदात मावत नाही. ते बातमी पूर्ण वाचली तरच कळतं. रील आवडलं की त्याच विषयाची एक बातमी शोधून शेवटपर्यंत वाच, पेपर कागदाचा असो नाहीतर मोबाईलवरचा, आणि स्पर्धा परीक्षा देणार असशील तर आजपासूनच.