पास घेशील, पण ऑगस्ट कुणाचा?

इंग्लंडातल्या स्लावहून एका सूनबाईचं पत्र आलंय. सासर जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याचं, मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. ती लिहिते, "काकू, लेगोलँड हे मुलांचं मनोरंजन पार्क आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. दोनदा गेलो, दोन्ही वेळा तिकिटांना बरेच पैसे गेले. इथल्या आपल्या चार घरांनी वर्षाचा पास घेतलाय. ते म्हणतात, तीनदा गेलं की वसूल. ह्यांना ती उधळपट्टी वाटते. घ्यावा का? कोणता घ्यावा? सारखं तिथेच नेलं तर मुलं कंटाळतील का? शनिवारची मराठी शाळा अधूनमधून बुडाली तर चालेल का?" आणि पत्राच्या अगदी तळाशी, "सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्या आता इकडे येणार नाहीत. फोनवर एकच विचारतात, कव्हय येशात, म्हणजे कधी येणार? पण पास घेतला तर तो सुट्टीतच वापरला जाणार, म्हणजे यंदाही ऑगस्टमध्ये येणं जमेलसं वाटत नाही."

दोन पानं पासाची आणि दोन ओळी सासूबाईंच्या. अगं, खरी गाठ त्या दोन ओळींत आहे. पण आधी पासाचं बोलते, नाहीतर म्हणशील काकूंनी विचारलं त्याचं उत्तरच दिलं नाही.

"तीनदा गेलं की वसूल" हे ऐकायला बरं वाटतं. तू भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढ आणि पेन घेऊन बस. विंडसरचं लेगोलँड साधारण मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतं. म्हणजे पास वर्षाचा असला तरी तुझ्या हातात आठवडे येतात ३३-३४. शनिवारी मराठी शाळा, म्हणजे उरले रविवार. त्यातले पावसाचे वजा कर, वर्गातल्या वाढदिवसांचे कर, गणपतीचा एक, तापाखोकल्याचे दोन-तीन, आणि आठवडाभराचे कपडे धुवून इस्त्री करायचे असतात तेही. माझ्या अंदाजाने पाच-सहा उरतील. आता चौघांच्या पासाची रक्कम, त्यात नसेल तर पाच दिवसांचे गाडी लावायचे पैसे आणि तिथलं खाणं अशी बेरीज करून तिला पाचाने भाग. जो आकडा येईल तो आणि चौघांचं एका दिवसाचं आगाऊ काढलेलं तिकीट, गाडी आणि खाणं धरून, शेजारी शेजारी लिही. ह्यांच्याशी भांडायची गरजच पडणार नाही.

लेगोलँड चालवणाऱ्या मर्लिन कंपनीच्या पासावर लेगोलँडखेरीज चेसिंग्टन, थॉर्प पार्क, ऑल्टन टॉवर्स, लंडन आय, मादाम तुसाँ अशी बरीच ठिकाणं येतात आणि त्या यादीवरच आपण भुलतो. थॉर्प पार्कच्या स्टेल्थ पाळण्यात बसायला मुलाची उंची १.४ मीटर लागते. तुझ्या दोघांना अजून बरीच वर्षं आहेत. ऑल्टन टॉवर्स स्टॅफर्डशायरमध्ये, जायला तीन तास, यायला तीन तास. हिवाळ्यात लंडनमधल्या बंदिस्त ठिकाणांचा उपयोग होतो, हे मात्र खरं. आणि स्वस्तातल्या पासात शाळेच्या सुट्टीतले पुष्कळ दिवस बाद केलेले असतात. बाद दिवसांची ती यादी पैसे भरायच्या आधी वाच, नंतर नको.

आता ऑगस्ट. ह्याबाबतीत मी तुला थोडी रागावणार आहे.

तिथे मुलांना सलग मोठी सुट्टी एकच, जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सहा आठवडे. एरवी शाळा बुडवून यायची सोय राहिलेली नाही. विनापरवानगी पाच दिवस बुडाले की प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड दंड होऊ शकतो, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. ऑगस्ट २०२४ पासून हा नियम सगळ्या इंग्लंडभर सारखा आहे. म्हणजे आजीच्या वाट्याला येतात ते हेच सहा आठवडे. आणि श्रावणही तेव्हाच असतो, आपल्या खान्देशातला कानबाई देवीचा उत्सवही तेव्हाच.

पारोळ्याच्या घरात तू सून म्हणून गेलीस, तुला मी काय सांगायचं? तरी सांगते, कारण तुझ्या पत्रात तो शब्दच नाही. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढतात तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ काढतात, पाळण्यातल्या पोराच्या नावानेसुद्धा. गहू सुपात पडतात आणि बाई एकेकाचं नाव घेत जाते. तुझा मुलगा सात वर्षांचा आहे. सात श्रावण त्याच्या नावाची मूठ पारोळ्यात निघाली. त्यातल्या किती वेळा तो समोर होता?

आम्ही लंडनमध्ये हाउन्स्लोला बावीस वर्षं काढली. थोरला सात वर्षांचा आणि धाकटा पाच, तेव्हा एका पार्कचे वर्षाचे पास घेतले. मार्चपासून जूनपर्यंत एकदाच जाणं झालं. मग जुलैत मीच म्हणाले, एवढे पैसे भरलेत, यंदा सुट्टीत इथेच राहू, वसूल तरी होतील. ऑगस्टमध्ये पाचदा गेलो, त्यातले दोन दिवस पावसात. एका रविवारी संध्याकाळी ओले रेनकोट न्हाणीघरात टाकले आणि अमळनेरहून सासूबाईंचा फोन आला. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले. मागे गाणी चालू होती, कानबाईचं जागरण. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "दोन्ही पोरांची मूठ काढली बरं का. थोरल्याची जरा मोठी काढली, वाढतं वय आहे." ह्यांनी फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. जेवायला बसले नाहीत.

पुढच्या श्रावणात आम्ही गेलो. सासूबाई खाटेवर होत्या, अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. मूठ जाऊबाईंनी काढली. सासूबाई नावं घ्यायचा प्रयत्न करत होत्या, पण त्यांची जीभ वळत नव्हती. सोमवारी बोरी नदीवर विसर्जनाला थोरला सगळ्यांबरोबर नाचत गेला आणि घरी आल्यावर आजीच्या पायाशी बसून राहिला. आज तो लीड्सला नोकरी करतो. दर श्रावणात न चुकता फोन करतो आणि विचारतो, "आई, माझी मूठ कोणी काढली?" म्हणून म्हणते बेटा, ऑगस्ट पासाच्या हातात देऊ नकोस. तुझ्या सासूबाई अजून स्वतःच्या हाताने फोन उचलतात, तुला "कव्हय येशात" विचारतात. ह्या विचारण्याला तारीख दे.

तू म्हणशील, ऑगस्टची विमानाची तिकिटं काय भावाने असतात ते काकूंना काय माहीत! मी ती बावीस वर्षं काढली आहेत. पासाच्या पैशात चार तिकिटं येत नाहीत, हेही मला कळतं. पण दरवर्षी चौघांनी सहा आठवडे यायला हवं असं कुठे आहे? ह्यांना रजा नसेल तर तू दोघांना घेऊन तीन आठवडे ये. एक वर्षाआड ये. २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे श्रावण उशिरा येतो. नागपंचमी १७ ऑगस्टला, त्यानंतरचा रविवार २३ तारखेचा. तुमच्या घरात कोणता रविवार धरतात ते सासूबाईंना विचार. त्याच फोनवर त्यांना कळेल की तुझ्या मनात काय आहे, आणि मग त्यांचे गुडघेही थोडे कमी दुखतील. ऑगस्टमध्ये इथे खान्देशात पाऊस असतो, चिखल असतो, वीज जाते. मुलं पहिले दोन दिवस कुरकुर करतील. तिसऱ्या दिवशी ओट्यावर शेजारच्या पोरांबरोबर दिसतील, माझी तशीच दिसली होती.

एवढं ठरलं की पासाचं सोपं होतं. ऑगस्टमध्ये तुम्ही तिथे नसालच, तर सुट्टीतले दिवस बाद असलेला स्वस्त पास तुम्हाला पुरू शकेल. रविवार त्यात चालतो की नाही, तेवढं आधी बघ. घ्यायचाच असेल तर मार्चच्या शेवटी घे. नोव्हेंबरात सूट दिसली म्हणून घेतलास आणि वर्ष त्याच दिवशी सुरू झालं, तर लेगोलँडचे पहिले चार महिने बंद दारापुढे जातील. हप्त्याने घेणार असशील तर बँकेतून कापले जाणारे पैसे वर्षानंतर आपोआप थांबतात का, तेही वाच.

बाकीचं थोडक्यात. मुलं कंटाळणार नाहीत, त्या वयात तोच पाळणा दहादा हवा असतो, थकाल ते तुम्ही. इतर चार घरांनी घेतला, तो त्यांचा हिशोब. खाणं घरून ने, लेगोलँडमध्ये नेऊ देतात. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गारठ्यातही छान लागते. मराठी शाळा बुडवू नकोस, आजीशी बोलायला तीच भाषा लागणार आहे.

तिकिटं काढलीस की मला कळव. जळगावहून पारोळ्याला बसने दीड तास लागतो, मी कानबाईला येईन.