पकड सोडायची कधी? वाचकांचे प्रश्न, वकिलाची उत्तरं

मागच्या सदरात न्यूयॉर्कच्या डॅनियल पेनी खटल्याचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांत बाकीचे सगळे विषय बाजूला पडले. अर्ध्या पत्रांत मूळ घटनाच उलटसुलट लिहिलेली आहे, म्हणून आधी ती सांगते, मग एकेक प्रश्न घेते.

१ मे २०२३. मॅनहॅटनच्या भुयारी रेल्वेची एफ गाडी. जॉर्डन नीली, वय ३०, डब्यात चढला. हा एकेकाळी मायकेल जॅक्सनसारखा नाचून प्रवाशांची करमणूक करायचा. पुढे बेघर झाला, मानसिक आजार बळावला. त्याने अंगातलं जॅकेट भिरकावलं. भूक लागलीय, तहान लागलीय, तुरुंगात गेलो तरी पर्वा नाही, असं तो ओरडू लागला. २४ वर्षांच्या पेनीने, जो पूर्वी अमेरिकी सैन्याच्या मरीन दलात होता, मागून त्याच्या गळ्याभोवती हाताचा विळखा घातला आणि त्याला खाली पाडलं. आणखी दोन प्रवाशांनी नीलीला धरून ठेवायला मदत केली. विळखा सुमारे सहा मिनिटं होता. नीली वाचला नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी ज्यूरीने, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी, पेनीला निर्दोष ठरवलं.

मी न्यू जर्सीत राहतो, रोज न्यूयॉर्कला जातो. त्या डब्यातल्या बायकांनीच साक्षीत सांगितलं की जीव मुठीत धरून बसलो होतो. मदतीला धावलेल्या माणसावर खटला भरलाच कशाला?

भीती खरी होती, हे सरकारी वकिलांनीही नाकारलं नाही. पेनीचा सुरुवातीचा हेतू चांगलाच होता, असं त्यांनी पहिल्याच भाषणात ज्यूरीला सांगितलं. खटला धरल्याबद्दल नव्हता, न सोडल्याबद्दल होता.

सहा मिनिटांचे तुकडे पाडून बघा. विळखा पडल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास गाडी ब्रॉडवे-लाफायेट स्टेशनात लागली. दारं उघडली आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते प्रवासी बाहेर पडले. पुढची पाच मिनिटं मग कोणाच्या बचावासाठी? पोलीस येईपर्यंत त्याला धरून ठेवायचं होतं, असं पेनीने त्याच दिवशी पोलिसांना सांगितलं होतं. पण व्हिडिओत एक माणूस त्याला बजावताना ऐकू येतो की तो मरेल. नीलीची हालचाल थांबल्यावरही ५१ सेकंद पकड सुटली नाही, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. मला विचाराल तर पहिल्या अर्ध्या मिनिटासाठी कोणीही त्याला आरोपी केलं नसतं. मतभेद आहे तो उरलेल्या वेळाबद्दल.

नीलीजवळ शस्त्र नव्हतं. खिशात एक मफिन सापडला. (यावर दोन्ही बाजूंनी फार भावुक लिहिलं गेलं. कायद्याला खिशात काय होतं यापेक्षा समोरच्याला त्या क्षणी वाजवीपणे काय वाटलं, हे महत्त्वाचं.) मात्र न्यूयॉर्कचा कायदा एक पायरी वर जातो. जीव जाईल असं बळ वापरायचं असेल, तर समोरचाही तसंच बळ वापरतोय किंवा आता वापरणार आहे असं वाजवीपणे वाटायला हवं. काही ठरावीक गंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडला, तर नुसत्या आरडाओरड्यावर ते भागत नाही.

शवविच्छेदनात गळा दाबल्याने मृत्यू, 'होमिसाइड' असं स्वच्छ लिहिलं होतं. तरी सुटला कसा? सगळं मॅनेज होतं का?

नाही. 'होमिसाइड' हा तिथल्या डॉक्टरी अहवालातला शब्द आहे. मृत्यू दुसऱ्या माणसाच्या कृतीने झाला एवढंच तो सांगतो. ती कृती गुन्हा होती की नाही हे डॉक्टर ठरवत नाहीत. बचाव पक्षाने आपला तज्ज्ञ आणला. रक्तातला सिकल सेलचा आनुवंशिक दोष, मानसिक आजार, नशा आणि झटापट या सगळ्यांच्या मेळातून मृत्यू झाला, असं त्याने सांगितलं. ते पटलं की नाही हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण ज्यूरी कारणं देत नाही.

शिवाय न्यूयॉर्कमध्ये बचावाचा मुद्दा उभा राहिला की तो खोडून काढायची जबाबदारी सरकारी पक्षावर असते, तीही वाजवी संशयापलीकडे. आपल्याकडे उलट आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे आपण बचावासारख्या अपवादात बसतो हे आरोपीने दाखवायचं. अर्थात त्याला ते शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, तशी शक्यता अधिक आहे एवढं दाखवलं की पुरतं.

मला खटकलं ते वेगळंच. आरोप दोन होते. बेफिकिरीने मनुष्यवध, ज्याला जास्तीत जास्त १५ वर्षं, आणि गुन्हेगारी स्वरूपाच्या हयगयीने मृत्यू, ज्याला ४ वर्षं. शुक्रवारी ज्यूरीने पहिल्या आरोपावर एकमत होत नाही असं कळवलं. न्यायाधीशांनी परत चर्चेला पाठवलं, पुन्हा तेच. तेव्हा सरकारी पक्षाने स्वतःच तो आरोप काढून घेतला, म्हणजे ज्यूरीला दुसऱ्याकडे वळता येईल. सोमवारी दुसऱ्यातही निर्दोष. वकिली डाव म्हणून समजू शकते, पण ज्याने तो टाकला त्याच्यावरच उलटला.

आणि तिथे निर्दोष म्हणजे निर्दोष, सरकारला अपील नाही. आपल्याकडे पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटीच्या खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जन्मठेप झाली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आज आपल्याकडे ज्यूरी नाही. न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात, आणि वरच्या कोर्टात तीच कारणं फाडली जातात. मला ही पद्धत अधिक बरी वाटते. कोर्टात आयुष्य गेलेल्या बाईचं मत आहे, तेवढंच वजन द्या.

मारणारा गोरा, मेलेला काळा. उलटं असतं तर?

उलटं असतं तर पेनीला त्या दिवशी चौकशी करून घरी सोडलं असतं का, हा प्रश्न न्यूयॉर्ककरांनीच रस्त्यावर येऊन विचारला. अटक झाली ती अकरा दिवसांनी, आंदोलनं पेटल्यावर. दुसरीकडे त्याच्या वकिलांसाठी काही दिवसांत २० लाख डॉलरच्या वर देणग्या जमल्या. निकालानंतर तो ट्रम्प आणि व्हान्स यांच्यासोबत फुटबॉलच्या सामन्याला दिसला. दोन्ही बाजूंना हवा होता तो पुतळा मिळाला. कोर्टात मात्र वर्णद्वेषाचा आरोप लावलेलाच नव्हता.

नीली मनोरुग्ण होता. अशा माणसाविरुद्ध बचावाचा हक्क असतो का? (कायद्याचा विद्यार्थी, सातारा)

असतो. आपल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३६ वाचा, जुन्या दंड संहितेचं ९८. वेडाच्या भरात कोणी अंगावर आला तर तो शिक्षेला पात्र नसेल, पण तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. परीक्षेपुरतं उत्तर एवढंच.

परीक्षेबाहेरचं सांगते. शहराने तातडीच्या मदतीची सर्वाधिक गरज असलेल्या बेघरांची एक यादी ठेवली होती, त्यात नीलीचं नाव होतं. एका वृद्धेला मारहाण केल्याच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२३ मध्ये कोर्टाने त्याला तुरुंगाऐवजी उपचारकेंद्रात पाठवलं. तेरा दिवसांत तो तिथून निघून गेला, त्याच्यावर वॉरंट निघालं. चौदा वर्षांचा असताना त्याच्या आईचा खून झाला होता. म्हणजे यंत्रणेला त्याचं नाव, गाव, आजार, सगळं ठाऊक होतं. आणि शेवटी त्याला आवरायचं काम आलं ते डब्यातल्या एका प्रवाशावर.

मॅडम, मी डोंबिवलीहून रोज लोकलने जाते. रात्री आमच्या लेडीज डब्यात कोणी शिरलं, आम्ही चौघींनी त्याला धरलं आणि त्याला काही झालं, तर केस आमच्यावर होईल का?

सगळ्यात कामाचा प्रश्न हाच.

न्याय संहितेचं कलम ३५ तुम्हाला स्वतःचं आणि दुसऱ्या कोणाचंही शरीर वाचवायचा हक्क देतं. शेजारी बसलेली अनोळखी मुलगीही त्यात आली. दर्शन सिंग खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे की अंगावर धोका आलेल्याने पळून जावं अशी अपेक्षा कायदा करत नाही. जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो ते कलम ३८ मध्ये आहे: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला वगैरे. नुसता डब्यात घुसला, शिव्या दिल्या, यात ते बसत नाही.

आता कलम ३७ आणि ४०. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि धोका आहे तोवरच हक्क आहे. तो माणूस खाली पडला, हातपाय सोडले, की तुमचा हक्कही तिथेच थांबतो. त्यानंतरची एक लाथसुद्धा बचाव नाही, मारहाण आहे. सद्हेतूने, आधी न ठरवता मर्यादा ओलांडली गेली आणि तो दगावला, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होऊ शकतो. पण तोही गुन्हाच.

धरून ठेवण्याबद्दल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ४० आहे. तुमच्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर तुम्ही त्याला पकडू शकता, पण विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं. हे सहा तास नव्या कायद्यात आले.

म्हणून साखळी ओढा, रेल्वेच्या मदतीचा १३९ लावा, हात धरा. गळा धरू नका, छातीवर बसू नका. मोबाइलवर चित्रण चालू असेल तर चालू राहू द्या, ते तुमच्याच कामाला येईल.

मुंबईतल्या अंबोलीत २०११ साली मुलींची छेड काढणाऱ्यांना अडवलं म्हणून दोन पोरांना भोसकलं, लोक बघत राहिले. असे खटले पाहून आता कोण मधे पडेल? (निवृत्त शिक्षिका, पुणे)

बाई, त्या खटल्यात २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली, पण तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. मधे पडलंच पाहिजे अशी सक्ती आपला कायदा सर्वसाधारण माणसावर करत नाही. आणि मी ती मागणारही नाही, कारण मला राईनपाडा आठवतं. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा. मुलं पळवणारे आले या अफवेवरून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना गावाने ठेचून मारलं. तिथे मधे पडायला माणसं कमी नव्हती. ते सगळे आपण पोरांना वाचवतोय असंच समजत होते.

पेनी आता मोकळा झाला का?

फौजदारीतून झाला. नीलीच्या वडिलांनी दिवाणी दावा लावला आहे, तिथे पुराव्याची पायरी खालची असते. १९८४ साली याच भुयारी रेल्वेत चार काळ्या पोरांवर गोळ्या झाडणारा बर्नार्ड गेट्झ हत्येच्या प्रयत्नातून सुटला, फक्त बेकायदा पिस्तुलाबद्दल दोषी ठरला. १९९६ मध्ये दिवाणी ज्यूरीने त्या चौघांपैकी जन्माचा अपंग झालेल्या एकाला ४ कोटी ३० लाख डॉलर द्यायला सांगितले. गेट्झने दिवाळखोरी जाहीर केली.