वाचक विचारतात : घरगुती जीवशास्त्र

स्ट्रॉबेरीतून डीएनए काढायचा प्रयत्न केला. वर जेलीसारखा पांढरट लगदा आला, पण काडीला धागे गुंडाळले गेले नाहीत. काय चुकलं?
— अकरावीची विद्यार्थिनी, वाई

तो लगदा बहुतेक पेक्टिनचा आहे. जॅम घट्ट होतो तो यामुळेच, आणि डीएनएप्रमाणे तेही अल्कोहोलमध्ये साका होऊन वर येतं. स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात म्हणून सगळे तीच सुचवतात. आमच्या मते फ्लॉवर जास्त भरवशाचा.

तुऱ्यांचा फक्त वरचा दाणेदार थर सुरीने खरवडून 50 ग्रॅम घ्या. तिथल्या पेशी बारीक आणि दाटीवाटीने असतात, म्हणून केंद्रकं जास्त मिळतात. खलबत्त्यात वाटा. मिक्सर नको, त्यात डीएनएचे तुकडे होतात. 90 मिली पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ आणि दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड फेस न आणता ढवळून वाटणावर ओता. हे भांडं 60 अंश सेल्सिअस पाण्यात 15 मिनिटं ठेवा, मग लगेच बर्फात 5 मिनिटं. साबणाने पेशीपटल आणि केंद्रकाचं आवरण फुटतं, तर उष्णतेने डीएनए तोडणारी एन्झाइम्स मंदावतात. घाई करून पाणी उकळायला लावलंत तर डीएनएही तुटतो आणि धाग्यांऐवजी पीठ हाती येतं.

सुती कापडातून गाळा, पण पिळू नका. पिळलं की चोथा आणि पेक्टिन दोन्ही खाली उतरतात. मग ग्लास तिरका धरून, गाळलेल्या रसाइतकंच 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कडेने सोडा. ते आधी बर्फाच्या पाण्यात बाटलीसकट गार करा. फ्रीजरमध्ये ठेवू नका आणि जवळपास गॅस पेटता नको, कारण त्याची वाफ पेट घेते. सॅनिटायझर अजिबात चालत नाही.

खात्री करायची असेल तर साबण न घालता दुसरा ग्लास तसाच करा. तिथेही तेवढाच साका आला, तर तो डीएनए नव्हे. धागे आले तरी त्यांत आरएनए आणि प्रथिनं मिसळलेली असतात, हे वहीत जरूर लिहा.

हाच डीएनए वर्गात जेलवर चालवून, म्हणजे विजेने जेलमधून ओढून, दाखवता येईल का?
— शिक्षक, कणकवली

हा नको. एवढे लांब रेणू खाचेपाशीच अडकतात, शिवाय ते दिसायला लागणारं एथिडियम ब्रोमाइड हे घातक रसायन शाळेत आणण्यासारखं नाही. खाण्याचे रंग चालवा, तत्त्व तेच कळतं.

एक लिटर पाण्यात 2 ग्रॅम खाण्याचा सोडा घाला. त्यातल्या 100 मिलीमध्ये 1 ग्रॅम अगर-अगर (चायना ग्रास) पावडर पारदर्शक होईपर्यंत उकळून चपट्या डब्यात ओता, एका टोकाला कंगवा उभा करा. जेल घट्ट झाला की कंगवा अलगद काढा, दातांच्या जागी रंग भरायच्या खाचा राहतात, आणि जेल जेमतेम बुडेल इतकं सोड्याचं पाणी घाला. रंगात थोडं ग्लिसरीन मिसळा, नाहीतर तो खाचेत बसत नाही, वर तरंगतो. 9 व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकापुढे एक जोडा. भिंतीतल्या प्लगची वीज कधीही नाही. खाचा ऋण टोकाकडे हव्यात, कारण हे रंग ऋणभारित असतात आणि धन टोकाकडे सरकतात. सोड्याऐवजी मीठ घातलंत तर क्लोरीन सुटेल.

हिरवा रंग मुद्दाम घ्या. लेबलवर 102 आणि 133 हे आकडे असतील तर पिवळा पुढे पळतो, निळा मागे राहतो. मुलांच्या डोळ्यांदेखत एका थेंबाचे दोन पट्टे होतात.

परदेशी संकेतस्थळावरून जिवाणूंची जनुकं बदलायचं किट मागवू का?
— वाचक, पुणे

नाही. 1986च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे 1989चे नियम जनुकबदल केलेल्या सजीवांची आयात, साठवण आणि वापर यांना लागू आहेत, घरगुती छंदाला त्यांतून सूट नाही. अशा अनेक किटमध्ये प्रतिजैविकांना न जुमानणारं जनुकही असतं, ते मोरीतून बाहेर जाऊ नये. जैवसुरक्षा समिती असलेलं जवळचं महाविद्यालय किंवा संशोधन संस्था गाठा आणि सुट्टीतल्या प्रशिक्षणाबद्दल थेट विभागप्रमुखांना विचारा.