मिक्सरवर केलेल्या सोया मिल्कला कच्चट, उग्र वास येतो, तो कसा घालवायचा?

भिजवलेलं सोयाबीन गार पाण्यात न वाटता उकळत्या पाण्यात वाटा, वास बराच कमी होईल. कारण सोयाबीनमध्ये लायपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम असतं, दाणा फुटून त्याला पाणी आणि हवा लागली की ते आतल्या तेलावर काम करायला लागतं आणि तोच तो वास, पण साधारण ८० डिग्रीच्या वर ते निकामी होतं. एकदा वास तयार झाला की नंतर कितीही वेलची-व्हॅनिला घातलं तरी उपयोग नाही, जे करायचं ते वाटतानाच.

१ कप सोयाबीन ८ ते १० तास भिजवा, पाणी फेकून द्या, जमलं तर सालं चोळून काढा (कंटाळा आला तर राहू द्या, चालतं). मग एकूण ७-८ कप उकळतं पाणी धरून थोडं थोडं वाटा. भांडं स्टीलचं घ्या आणि अर्ध्याच्या वर भरू नका, वाफेने झाकण उडतं. पातळ सुती कपड्यातून पिळून गाळा आणि मोठ्या पातेल्यात ढवळत उकळा.

इथेच बरेच जण फसतात, नीट उकळी यायच्या आधीच फेस वर येतो आणि झालं म्हणून गॅस बंद करतात. गॅस बारीक करा, खरी उकळी आल्यावर अजून १०-१५ मिनिटं ठेवा. कच्च्या सोयाबीनमधले ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचे घटक पचन बिघडवतात, ते उकळल्यानेच कमी होतात.

फक्त वास अगदी शून्य होईल अशी अपेक्षा ठेवू नका, सोयाबीन जुनं असेल तर थोडा राहतोच.