बेसबॉलमध्ये कट्टर वैरी संघांचे चाहते एकमेकांशी कसे वागतात?

बहुतेक वेळा नुसती चिडवाचिडवी, पण मीठ नेमकं जखमेवर! बोस्टन रेड सॉक्सनी 1918 नंतर वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अजिंक्यपदाची मालिका, जिंकलीच नव्हती, म्हणून न्यूयॉर्क यांकीजचे चाहते त्यांना बघून फक्त ‘नाइन्टीन एटीन’ एवढंच ओरडायचे. 2004 मध्ये रेड सॉक्सनी यांकीजविरुद्ध पहिले तिन्ही सामने हरल्यावर 0-3 अशा पिछाडीवरून मालिका फिरवली, मग वर्ल्ड सिरीजही मारली, आणि ती घोषणा एकदाची बंद पडली. पुढच्या एप्रिलमध्ये फेनवे पार्कवर, म्हणजे रेड सॉक्सच्या घरच्या मैदानावर, यांकीजचा शेवटी चेंडू टाकून सामना संपवणारा पिचर मारियानो रिव्हेरा याचं नाव पुकारताच बोस्टनकरांनी जोरदार टाळ्या वाजवल्या. कशासाठी? आदल्या वर्षी त्याच्या हातून निसटलेल्या सामन्यांबद्दल आभार म्हणून! रिव्हेरालाही हसू आवरलं नाही. असला खोडसाळपणा मला तरी आवडतो.

मारामारीपर्यंतही जातं, नाही असं नाही. 2011 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या स्टेडियमच्या पार्किंगमध्ये त्यांचे कट्टर वैरी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या एका चाहत्याला इतकं मारलं की त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली.

उलट, 2013 मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये बाँबस्फोट झाले, तर दुसऱ्याच दिवशी यांकी स्टेडियमवर फेनवेचं लाडकं ‘स्वीट कॅरोलाइन’ वाजवलं गेलं. एरवी तिथे त्या गाण्याला शिट्ट्या आणि शिव्याच पडल्या असत्या.